साडूंच्या तलावाचं पाणी

माझ्या साडूंनी आयुष्यात एकही वस्तू विकत घेतलेली नाही. वस्तूंनी त्यांच्या घरी येण्यासाठी परीक्षा दिल्या आणि त्यातल्या मोजक्या पास झाल्या, एवढंच. नापास झालेल्या मालावर अंधेरी ते बोरिवली सगळी दुकानं आज सुखाने चालली आहेत.

साडू म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीचे यजमान. आम्ही तिला ताई म्हणतो आणि त्यांना भाऊ. भाऊंनी जन्मभर एका वीज कंपनीत मीटर तपासले. माणूस खोटं बोलतो, मीटर बोलत नाही, हे त्या नोकरीत शिकलेलं एकच तत्त्व घेऊन ते निवृत्त झाले आणि घरच्यांवर लागू करायला मोकळे झाले. त्यांच्याकडे बसलेला पाहुणा नुसता खुर्चीत सरसावला तरी पंखा बंद होतो; उठायचं नसलं तरी माणूस लाजेने उठतो. नवा फ्रिज आणला तेव्हा दार लावल्यावर आतला दिवा खरंच विझतो का, या शंकेने त्यांना जेवण जाईना. शेवटी मोबाइल चित्रीकरणावर लावून भेंडी आणि कोथिंबिरीच्या मध्ये ठेवला. दिवा विझत होता. मोबाइलही विझला, तो कायमचा. पण भाऊंचं समाधान झालं. मुलुंडला एका लग्नात अक्षता पडत असताना हा गृहस्थ खुर्चीवर चढून झुंबराचे दिवे बोटाने चाचपत होता. "गरम लागतायत," मला वरूनच म्हणाले, "हे लग्न महागात जाणार." मी थोडं वाढवून सांगतो असं माझी बायको म्हणते. या बाबतीत मी कमी करून सांगतोय.

अशा माणसाच्या घरी पोहण्याचा तलाव असावा, हा देवाचा विनोद. भाऊंचं रो-हाऊस बोरिवली पूर्वेला, जंगलाच्या भिंतीला पाठ टेकून उभं. आधीच्या मालकाने हौसेने मागच्या अंगणात तलाव बांधला होता. तलाव म्हणजे किती, तर आरे कॉलनीतली एखादी म्हैस आत उतरली तर तिला वळायला जागा मिळावी, पण तिने मैत्रीण आणू नये. भाऊंना पोहता येत नाही. त्यांनी त्या तलावाचा उपयोग वर्षानुवर्षं एकच केला: सगळ्या नातेवाइकांचे दीड दिवसांचे गणपती तिथे विसर्जन करायचे आणि प्रत्येकाकडून मोदक घ्यायचे. तलावाने स्वतःचा खर्च मोदकांत भरून काढला.

मग आमच्या सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सासूबाई मूळच्या मालवणकडच्या. दोन्ही मुलीच, त्यामुळे ऑपरेशननंतर त्या गावचं घर बंद करून ताईकडे राहायला आल्या. गुडघा नवा बसला, पण वाकेना. डॉक्टर म्हणाले, रोज कोमट पाण्यात चाला, पाय सुटेल. थंड पाण्यात मात्र उलटा आखडेल. आता सासूबाई त्या पिढीतल्या, जिला लेकीच्या घरचं पाणी पिणंसुद्धा संकोचाचं. आणि इथे लेकीच्या घरच्या पाण्यात गळ्यापर्यंत उभं राहायची वेळ आली! पण त्यांना एकच ध्यास होता. माघात गावच्या देवीची जत्रा. देवळाच्या पायऱ्या आपल्या पायांनी चढून देवीची ओटी भरायची. "पालखीत बसान जाऊक मी काय देवी आसंय?" त्या म्हणायच्या. "चढान, नायतर जाणार नाय."

तेव्हा दिवाळी उलटली होती. जंगलाकडून पहाटे गार वारा यायला लागला होता. भाऊंनी तलावाच्या काठावर उभं राहून जाहीर केलं, "पाणी मी तापवतो."

ताईने हात कपाळाला लावला. कारण मिक्सर निवडायला त्यांना एक अख्खा आंब्याचा हंगाम लागला होता. आमरस आम्ही चाळणीवर घासून खाल्ला.

दुसऱ्या रविवारी मी घाटकोपरहून त्यांच्याकडे गेलो, तर भाऊंनी माझा हात धरला आणि फ्रिजच्या मागे खुपसला. "काय लागतंय?"

"जळमटं."

"गरम लागतंय की नाही? फ्रिज आतली उष्णता उचलून मागे टाकतो. तलाव तापवणारा हीटपंप तेच करतो, फक्त हवेतली उचलतो आणि पाण्यात टाकतो. साधा हीटर वीज जाळून उष्णता तयार करतो. हा तयार नाही करत, वाहून आणतो. हमाल आहे हा, हमाल! आणि मुंबईच्या हवेत उष्णतेला काय तोटा? फुकट पडलीय."

त्यानंतर दुकानदारांची परीक्षा सुरू झाली. एका टायवाल्या विक्रेत्याने सांगितलं, "सर, एका युनिटमध्ये पाच युनिटची उष्णता."

"बाहेरची हवा किती असताना?"

"सर, पाच म्हणजे पाच."

"मे महिन्यात दुपारी पाच युनिट. माझी सासू पौषात सकाळी उतरणार. तेव्हा किती?"

तो विक्रेता चहा अर्धा टाकून गेला. दुसऱ्याने तलाव न बघताच सगळ्यात मोठं यंत्र सुचवलं, त्याला भाऊंनी विचारलं, "एका माणसाच्या भाताला तुमच्याकडे लग्नाचं पातेलं चढवतात का?" तिसऱ्याच्या यंत्राचा आवाज ऐकायला ते आमच्या फॅमिली डॉक्टरांचा स्टेथोस्कोप घेऊन गेले आणि डोळे मिटून इतका वेळ ऐकत राहिले की दुकानाचा मालक घाबरून म्हणाला, "काका, वाईट काही आहे का?" क्लोरीनच्या पाण्याने गंजणार नाही अशी नळी कुठली, एकदम धडाडून चालून मग बंद होण्याऐवजी गरजेपुरता हळूहळू चालणारा पंप कुठला, हे त्यांना पाठ झालं. अंधेरीच्या एका क्लबात सभासद होण्याच्या मिषाने शिरून त्यांनी गरम तलावात कोपरापर्यंत हात घातला आणि रखवालदाराने बाहेर काढेपर्यंत तो काढला नाही. आणि या सगळ्याच्या आधी त्यांनी तलावाला झाकण शिवून घेतलं. "उष्णता वाफेतून पळते. आधी झाकण, मग पंप. उघड्या टोपात दूध तापवणाऱ्या माणसाने मला अक्कल शिकवू नये," ते म्हणाले. मी काहीही शिकवत नव्हतो, मी पोहे खात होतो.

इकडे थंडी वाढत होती आणि सासूबाई खुर्चीत बसून पाय पुढे ताणून गुडघ्याकडे बघत होत्या. शेवटी ताई कडाडली, "अहो, यंत्राचं लग्न लावताय की काय? आईचा पाय आखडून लाकूड झाला!"

आणि चमत्कार झाला. मार्गशीर्ष संपता संपता पंप आला. मध्यम आकाराचा, शांत, कमी वीज खाणारा. हजारांत एक. निवडीत खोट काढायला जागाच नव्हती. दोन दिवस पाण्याने एकोणतिसाचा आकडा दाखवला. सासूबाई लुगड्याचा काष्टा मारून पाण्यात उतरल्या, कठडा धरून चालल्या. भाऊ काठावर थर्मामीटर घेऊन उभे, तोंडावर बापाचा आनंद.

पण भाऊ झाले तरी उपनगरातलेच. आपल्या उपनगरातल्या माणसाला उघडी जागा बघवत नाही. गॅलरी दिसली की तिला ग्रिल, ग्रिल दिसलं की त्याला सरकत्या काचा, काचा लागल्या की आत जुनी सायकल. जंगलातली माकडं पंपावर येऊन बसतात, शेजारचे डोकावून बघतात, एवढं निमित्त पुरलं. तिसऱ्या दिवशी ग्रिलवाला आला आणि त्याने पंपाभोवती ॲल्युमिनियमची सुबक केबिन ठोकली. सरकत्या काचा, वर पत्रा, बाहेरून ग्रिल, ग्रिलला कुलूप. भाऊ दोन पावलं मागे सरून म्हणाले, "झकास. आता चिंता नाही."

त्या दिवसापासून थर्मामीटरचा पारा घसरायला लागला.

भाऊंनी सासूबाईंना विचारलं, "आई, पाणी कसं आहे?"

"बरा आसा. गरमच आसा."

आणि जन्मभरात पहिल्यांदा भाऊंनी मीटरऐवजी माणसावर विश्वास ठेवला. सासूबाई खोटं बोलणार नाहीत. म्हणजे थर्मामीटर बिघडला. त्यांनी दुसरा आणला. दुसऱ्याचा आकडा त्याहून खाली. तिसरा आणला. तिन्ही थर्मामीटर एका दोरीला बांधून पाण्यात सोडले, तर तिघांचं एकमत. "एकाच कंपनीचे आहेत, संगनमत असणार," भाऊ म्हणाले. आणि सासूबाईंना मात्र हळूहळू पाण्याचा कंटाळा यायला लागला. आज उपास, उद्या कणकण, परवा लुगडं वाळलं नाही.

मी पुढच्या रविवारी गेलो तेव्हा त्या पाण्यात उभ्या होत्या. भाऊ आत चौथ्या थर्मामीटरचं वेष्टण काढत होते. मी गमतीने पाय बुडवला आणि अशी काही बोंब मारली की जंगलातला बिबट्या दिंडोशीपर्यंत पळाला असेल.

"आई! हे गरम?"

"हळू बोला!" सासूबाईंचे ओठ जांभळे झाले होते. "तेंका आयकाक येत. थंड आसा ह्या माका कळना नाय काय? पण तो माणूस दोन महिने धड जेवलो नाय ह्या पंपापायी. जावयाक तोंडार कसा सांगू?"

"अहो, पण गुडघा?"

"गुडघो मेलो खंय जाता."

पण गुडघा खरंच चालला होता. पाय पुन्हा आखडत होता आणि जत्रा महिन्यावर आली होती. मी वळलो, तर भाऊ मागे उभे. हातात चौथा थर्मामीटर. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला, आणि ज्यांना पोहता येत नाही ते आमचे भाऊ, इस्त्रीच्या पायजम्यासकट, स्वतःच्या तलावात पहिल्यांदा उतरले. छातीपर्यंत पाण्यात उभे राहिले. दात वाजायला लागले.

"मीटर बरोबर होता," एवढंच म्हणाले. मग सासूबाईंकडे बघून, "आई, मला सांगायचं ना हो."

ताईने येऊन दोघांनाही टॉवेलात गुंडाळलं.

टॉवेलातच भाऊ केबिनकडे गेले. कुलूप काढलं, काच सरकवली, आणि आतून अशी थंडगार हवा अंगावर आली की मला आत कोणी पर्यटक लोकरी टोपी घालून फोटो काढतायत की काय असं वाटलं. पंपाच्या जाळीवर बर्फाची साय धरली होती. भाऊ बघतच राहिले.

"अरे, हा हवेतली उष्णता उचलतो आणि गार हवा बाहेर टाकतो. मी त्याला चार भिंतींत कोंडला. बिचारा तीच गार हवा पुन्हा पुन्हा पिळत बसलाय. हमालाला रिकाम्या गोदामात पाठवून वर मी कुलूप लावलं!" त्यांनी कपाळावर मारून घेतलं. "अख्खी मुंबई चाळून पंप निवडला, आणि शेवटी काय केलं? गॅलरी बंद केली."

ग्रिलवाल्याला फोन करायलाही ते थांबले नाहीत. पाना घेऊन स्वतः एकेक नट काढला. मी पत्रा धरला होता; धरला म्हणजे पडताना त्याच्याखाली होतो. संध्याकाळपर्यंत पंप उघड्या आभाळाखाली घुमायला लागला, माकडं त्यावर येऊन बसली, आणि दोन दिवसांत चारही थर्मामीटर एकोणतिसावर आले. तरीही भाऊ रोज सासूबाईंच्या आधी स्वतः पाण्यात उतरायचे. आकडा बघून नव्हे, उतरून. मग म्हणायचे, "या."

सासूबाई जत्रेला गेल्या. आम्ही सगळेच गेलो. पायऱ्या त्या एकट्या चढल्या, एका हाताने कठडा, दुसऱ्या हातात ओटीचं ताट. भाऊ दोन पायऱ्या मागे, हात पुढे करून, न धरता. वर पोचल्यावर त्यांनी देवीला सोडून आधी सासूबाईंच्या गुडघ्याकडे बघून नमस्कार केला, असं मी शपथेवर सांगतो.

आणि मग सासूबाई परत आल्याच नाहीत. पाय बरा झाला, घर उघडलं, अंगणात तुळस होती. "आता मी हयच रवतंय," म्हणाल्या. पाय बरा केला तो त्यांनी स्वतःच्या पायांवर उभं राहावं म्हणूनच, त्यामुळे कोणाला काही बोलताही येईना.

परवा थंडीत मी बोरिवलीला गेलो होतो. भाऊ तलावाच्या काठावर बसून गावी फोनवर बोलत होते. स्पीकर चालू होता.

"जावयबापू, पाणी कसा आसा?"

"एकोणतीस, आई. तुम्ही कधीही या. तयार आहे."

मी झाकणाचा कोपरा उचलून हात घातला, आणि कळ खांद्यापर्यंत गेली. पंपावर जुनी चादर घातलेली, वर एक माकडीण पिल्लाला घेऊन बसली होती.

"अहो भाऊ, हे तर बर्फ..."

"हळू बोल," भाऊ फोनवर हात ठेवून म्हणाले. "येते म्हणाल्या की दोन दिवस आधी चालू करीन. दोन दिवस पुरतात."

मग त्यांनी हात काढला आणि पलीकडून गावची कोंबडी ओरडलेली ऐकत, सासूबाई काय म्हणतात त्याची वाट बघत बसले.