चौदा तुकड्यांचं तळं

छपाईच्या त्या कारखान्यात तिला सगळे 'जोडारीण' म्हणत. मोठाले फलक पट्ट्यापट्ट्यांत छापून निघत, आणि त्या पट्ट्या ती अशा जोडायची की नखानं चाचपलं तरी सांधा लागू नये. बावीस वर्षं हेच काम; तुकड्यांतले फोटो कॉम्प्युटरवर सांधणंही तिच्याकडेच. त्यामुळे फोटो काढणाऱ्या जमातीबद्दल तिचं मत काही चांगलं राहिलं नव्हतं. यांनी बटण दाबायचं आणि निस्तरायचं आपण!

त्या जमातीत पहिला मान तिच्या धाकट्या दिराचा. विमा कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाला आणि त्यानं एक जुना कॅमेरा इन्फ्रारेड करून आणला. म्हणजे आतली काच बदलली, की डोळ्याला न दिसणारा प्रकाश त्यात उतरतो. झाडं कापसासारखी पांढरी, पाणी नि आभाळ काळंभोर. काच बदलली कॅमेऱ्याची, पण कलाकार झाला हा. रोज कुत्रं फिरवावं तसा कॅमेरा फिरवून आणायचा.

ओळखीनं त्याला एका रुग्णालयाच्या भिंतीसाठी बारा फुटी चित्राचं काम मिळालं. तो थेट कारखान्यात हजर.

"वहिनी, तळ्याचे नऊ फोटो आहेत. जरा जोडून द्या. तुम्हाला काय, पाच मिनिटांचं काम."

तिनं ते उघडले. नऊ फोटो कसले, एकमेकांचं तोंड न बघणारी नऊ भावंडं. एक उजळ, एक काळवंडलेला. हातात धरून काढलेले, त्यामुळे पुढचा कठडा तीन ठिकाणी मोडलेला. आणि प्रत्येकाच्या मधोमध एक फिकट गोल डाग.

"भाऊजी, हे डाग कसले?"

"ते प्रकाशाचं गूढ आहे, वहिनी."

"गूढ कसलं? भिंगाचा दोष आहे. साध्या फोटोत दिसत नाही, इन्फ्रारेडमध्ये उघडा पडतो."

"मग ते कॉम्प्युटर काढेल की."

"कॉम्प्युटर म्हणजे मीच ना? रविवारी दुपारी बारा वाजता तळ्यावर या. मीही येते."

तोवरच्या सहा दिवसांत तिनं मिळेल ते वाचून काढलं. रविवारी दीर उन्हाला वैतागून आला. भर दुपारी कुठला कलाकार बाहेर पडतो, म्हणाला.

"साध्या फोटोवाला नाही पडत. पण पानं पांढरी उजळायला कडक ऊनच लागतं," असं म्हणत, त्यानं बोट दाखवलं तिथे तिनं तिपाई मांडली. डाग न टाकणारं भिंग मागून आणलं होतं, ते लावलं. कॅमेरा उभा बसवला आणि तिपाईवरच्या सरकत्या पट्टीवर मागे मागे नेला. कॅमेरा वळवला तरी जवळचा कठडा पलीकडच्या झाडापासून हलेनासा झाला, तेव्हा थांबली; आता जोडताना कठडा मोडणार नव्हता. उजेडाचं माप, रंगाचं माप, फोकस, सगळं एकदाच ठरवून बांधून टाकलं. वारा पडल्याबरोबर डावीकडून उजवीकडे चौदा फोटो घेतले, प्रत्येकात आधीच्याचा तिसरा हिस्सा. मिनिटभरात खेळ खलास. दीर छत्री धरून उभा होता. तेवढं मात्र त्याला जमलं.

जोडायला दोन दिवस गेले. काळ्या सपाट आभाळात कॉम्प्युटरला खुणा सापडेनात, तेव्हा तिनं पलीकडच्या काठावर हातानं खुणा दिल्या. सांधे हलत्या पानांतून न नेता खोडांवरून उतरवले.

चित्र भिंतीवर चढलं, खाली नाव एकट्या दिराचं. आयत्या बिळावर नागोबा! जमलेल्या लोकांना तो सांगत होता, "तंत्र काय हो, कुणीही शिकतं. नजर लागते, नजर."

तिला राहवेना. "भाऊजी, कॅमेरा किती मागे सरकवला होता, ते सांगा ना यांना."

दीर खोकला. मग पाणी मागवलं.

"चारचौघांत एवढं बोलायची गरज होती का?" घरी नवरा म्हणाला.

"नव्हती. पण बरं वाटलं."

दोन महिने दिरानं बोलणं टाकलं. तेवढ्यात रुग्णालयातल्या मोठ्या सिस्टरबाईंनी दुसऱ्या भिंतीसाठी चित्र मागितलं, थेट तिच्याकडेच. ती हरखली. स्वतःचा जुना कॅमेरा इन्फ्रारेड करून घेतला, एकटी तळ्यावर गेली, सगळं बिनचूक केलं. जोडून झाल्यावर पडद्यासमोर बसली आणि बघतच राहिली. सांधा कुठे सापडत नव्हता. चित्रही कुठे सापडत नव्हतं. नुसतं लांबच लांब पांढरं-काळं काहीतरी. तीनदा गेली, तीन जागा बदलल्या. तिन्ही वेळा तेच. आजवर दुसऱ्यांसाठी राखून ठेवलेली सगळी तुच्छता त्या संध्याकाळी तिनं स्वतःवर खर्च केली.

पहिल्या वेळची जागा दिरानं दाखवली होती. चाळीस दिवस तो त्या काठानं नुसता हिंडला होता, हे तिला जाऊबाईंकडून कळलं.

ती त्याच्या दारात उभी राहिली. "भाऊजी, कुठे उभं राहायचं ते सांगा."

"म्हणजे नजर लागतेच म्हणायची!" त्यानं तिला दारातच पाऊण तास नजरेवर व्याख्यान दिलं. तिनं ते दात आवळून ऐकलं. माणूस तसाच पोकळ होता, मत बदलण्याजोगं काही घडलं नव्हतं. पण पायांना त्याच्या काही कळत होतं, हे नाकारण्यात अर्थ नव्हता.

रविवारी त्यानं तळ्याच्या टोकाला, चिखलात, एक जागा दाखवली. तिनं तिपाई रोवली, कॅमेऱ्याला डोळा लावला तो काढेचना.

"बघा वहिनी, मी नेहमी म्हणतो—"

"गप्प बसा. ढग येतोय."