पाच नावांचा दगड

चौदा ऑगस्टची दुपार. शाळेच्या अंगणात नवा दगड बसवला होता. त्यावर सिमेंटचे शिंतोडे उडालेले. हेडमास्तर म्हणाले, "बाई, दगड धुऊन काढा. उद्या मोठे साहेब येणार आहेत."

तेरा वर्षांपासून मी त्या शाळेत पोरांची खिचडी शिजवत होती. दगड धुणं माझं काम नव्हतं. तरी ब्रश घेऊन बसली.

सातवी शिकली आहे मी. वाचता येतं. वर लिहिलं होतं, 'गावातील स्वातंत्र्यसैनिक'. खाली पाच नावं. पाचही मोठ्या घरांतली. माझ्या आज्याचं नाव नव्हतं. पुन्हा वरून खाली वाचलं. नव्हतं.

पाटील मांडववाल्यांजवळ उभे होते. पहिलं नाव त्यांच्याच आज्याचं. मी ओल्या हातानं जाऊन उभी राहिली.

"पाटील, आमच्या आज्याचं नाव नाही त्याच्यात."

"तुहा आजा कायचा सैनिक वो? आमच्या आज्याच्या मांगं पान्याचा गुंड घेऊन गेला होता. पानक्या होता तो."

मांडववाले हसले.

"पूस नीट. तिकडं कोपऱ्यात सिमेंट राहिलं."

मी पुसलं. पाटलांच्या बोलण्यापेक्षा आजही मला हेच जास्त बोचतं. मी तो कोपरासुद्धा पुसला.

आजा ढिवर. तलावात मासे धरायचा, मोठ्या घरी पाणी भरायचा. इंग्रजांनी जंगल सरकारी केलं होतं. गवताची एक पेंडी आणली तरी दंड. तेव्हा गावातली माणसं कायदा मोडून गवत कापायला गेली. आजाही गेला. हो, पाण्याचा पितळी गुंड खांद्यावर घेऊनच गेला. पण गवत त्यानंही कापलं. पोलीस आले, काठ्या पडल्या. आजा गवतात बसून राहिला. दगडावरच्या त्याच पाच जणांसोबत सहावा म्हणून जेलमध्ये गेला.

सुटून आले त्या दिवशी गावात सत्काराची पंगत झाली. पाच जण गळ्यात हार घालून पाटावर. आज्याच्या हातात गुंड दिला. पंगतीला पाणी वाढायला.

लहानपणी मी त्याच्या पाठीला तेल लावून द्यायची. खांद्यापासून कमरेपर्यंत जाड वण होता. एकदा विचारलं, "आजा, तुह्या हातात इळा होता. मारलं काहून नाही?"

"मारलं असतं त चोर म्हनून नेलं असतं. बसून राहिलो. मंग पोलिसाइले सांगा लागलं, हा कायले बसला."

तेव्हा मला कळलं नव्हतं. त्या दिवशी दगड धुऊन घरी जाताना कळलं.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "काम जाईन. चूप राह्य." खोटं नव्हतं त्याचं.

सकाळी मी शाळेत गेली. साहेबांसाठी चहा ठेवायचा होता. चूल पेटवली नाही. दगडासमोर जाऊन चिखलात बसली.

हेडमास्तर धावत आले. "उठा बाई. गाडी येऊन राहिली."

"सहावं नाव टाका. मंग उठतो."

पाटील आले. आवाज खाली ठेवून म्हणाले, "आजच्या दिवशी तरी तमाशा करू नको."

"आजच्याच दिवशी बसली मी."

दोन माणसांनी दंड धरून मला फाटकापर्यंत ओढत नेलं. मी हात उचलला नाही, शिवी दिली नाही. अंग सैल सोडून दिलं. त्यांनी सोडलं तशी परत येऊन बसली. पुन्हा ओढलं. लुगडं फाटलं, गुडघा सोलला. पोरं रांगेत उभी राहून पाहत होती. माझ्या हातचं रोज खाणारी पोरं. आमच्या मोहल्ल्यातली माणसंही होती. एकही पुढे आला नाही.

साहेब आले. माझ्याकडे पाहिलं, मग झेंड्याकडे पाहिलं. सत्याग्रहावर भाषण केलं आणि गाडीत बसून गेले. मला विचारलं नाही, की बाई, तू का बसली.

आठ दिवसांत माझं काम दुसऱ्या बाईला दिलं. नवरा अजून नीट बोलत नाही.

परवा हेडमास्तर घरी आले. कागद टाइप करून आणला होता. म्हणाले, "सही करा. काम परत भेटते. नावाचंही पाहू मंग."

मी वाचला. 'माझ्याकडून गैरवर्तन झाले, त्याबद्दल मी माफी मागते.'

"सर, सही मले येते," मी म्हटलं. "याच्यावर करत नाही."

त्यांनी कागद घडी करून खिशात घातला.

सोमवारी ग्रामसभा आहे. बायांना मागे बसवतात. मी पुढे बसणार आहे. ओढून बाहेर नेलं तर परत येणार आहे. एकटीच असेन, हे मला माहीत आहे.