लाकडी बदकाचं कुंकू

आज दसरा. पूजेसाठी हत्यारं काढायला बेसमेंटमध्ये उतरले आणि पटाशीला चिकटलेल्या सीडरच्या लाकडाच्या वासाने मला थेट कॅनडातल्या व्हिटबीच्या तळ्याकाठी नेऊन उभं केलं.

बऱ्याच वर्षांपूर्वी तिथे लाकडी बदकांची स्पर्धा होती. पूर्वी शिकारी अशी बदकं कोरून पाण्यात सोडायचे. वरून उडणारी खरी बदकं भुलून खाली उतरायची. प्लॅस्टिकची बदकं आली, तशी लाकडी बदकं शोकेसमध्ये जाऊन बसली. मी मात्र ती कोरायला हौसेने शिकले होते.

स्पर्धेत पाण्यात सोडलेलं माझं बदक लाटेने कलंडलं आणि पुन्हा सरळ झालं. परीक्षक रॉय, जन्मभर शिकार केलेला माणूस, खूश झाला. मग त्याला बदकाच्या कपाळावरचा लाल ठिपका दिसला. आदल्याच दिवशी दसरा झाला होता आणि हत्यारांबरोबर मी बदकालाही तेलात कालवलेलं कुंकू लावलं होतं.

"हे पुसून टाका. हा लाल रंग बघून एकही बदक खाली उतरणार नाही," तो म्हणाला.

नवरा कानाशी पुटपुटला, "अगं, पूस ना! फर्स्ट प्राइझ जाईल."

"नाही उतरली तर बरंच आहे," मी मोठ्याने म्हणाले. "जीव वाचेल त्यांचा."

प्राइझ गेलंच. तेव्हा वाटलं होतं, मी माझ्या कुंकवासाठी भांडले. आता वाटतं, भांडले ते बदकांसाठीच.

आज त्याच बदकाला पुन्हा कुंकू लावलं. चांगलं ठसठशीत. आभाळातून दिसायला हवं.