टेकाडावरचा चीक

फेस्टस रुआनचे गुडघे त्याच्या आधी म्हातारे झाले. बाकीचा फेस्टस सत्त्याहत्तर वर्षांचा होता, गुडघे मात्र शंभरीचे. तरुणपणी चार हंगाम त्याने इंग्लंडमध्ये बटाटे काढले आणि पुढचं सगळं आयुष्य मायदेशी, मेयो परगण्यातल्या या ओल्या, दगडाळ वीस एकरांत चिखल तुडवला. गोठ्यात अकरा गायींतली एकच उरली होती. ती व्यायली की विकायची, असं मुलीने, इमेल्डाने, ठरवून टाकलं होतं. फेस्टस हो म्हणाला होता. हल्ली तो बहुतेक गोष्टींना हो म्हणे, कारण नाही म्हणायचं तर अंगात बळ लागतं.

एका गोष्टीला मात्र तो तीन वर्षं नाही म्हणत आला होता. घरामागच्या शेतात, अगदी मधोमध, एक गोल टेकाड होतं, आणि इमेल्डाला ते सपाट करून हवं होतं. फार जुन्या काळी कुणा राजाला त्यात पुरलंय म्हणत. गावाला राजाचं काही नव्हतं, भय होतं ते टेकाडाच्या पोटात राहणाऱ्यांचं. त्यांचं नाव घ्यायचं नाही, 'भली माणसं' म्हणायचं, म्हणजे ती निदान लाजेकाजेस्तव भली वागतील. टेकाडावरच्या काटेझाडाची फांदी तोडायची नाही आणि नांगर वळसा घालून न्यायचा, हे तर सगळेच पाळत. फेस्टसचं पाळणं त्याहून जास्त. गाय व्यायली की पहिल्या चिकाचा एक जग तो वर नेऊन ओतून यायचा. "फेस्टसची भली माणसं आपल्यापेक्षा बरं जेवतात," असं शेजारी म्हणत. तो ऐकून घ्यायचा.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी गाय पहाटे व्यायली, आणि नऊच्या सुमाराला गावातला जार्लथ जेसीबी घेऊन फाटकाशी येऊन उभा राहिला. इमेल्डाने त्याला बापाला न विचारता बोलावलं होतं. फेस्टस काठी टेकत टेकत गेला आणि फाटकाला पाठ लावून उभा राहिला.

"माझा बाप असता तर रस्त्यावरूनच परत फिरला असता," जार्लथ वरून म्हणाला. "मला त्यातलं काही वाटत नाही. पण म्हातारं माणूस समोर उभं असताना मी यंत्र चालवत नाही. तुमचं घरातलं काय ते मिटवा. तोवर मी चहा पितो." आणि त्याने खरोखरच थर्मास उघडला.

इमेल्डा अंगणातून आली. "बाबा, तुमची ती माणसं केव्हाच बॉस्टनला गेली. इथं होतं काय त्यांना पोटापाण्याला?"

"राहू दे की. तुझं काय खातंय ते टेकाड?"

"माझं नाही. आईला खाल्लं त्यानं."

फेस्टसने काठी दुसऱ्या हातात घेतली.

"तुम्हीच सांगायचात ना, तिथं पाऊल टाकलंस तर उचलून नेतील म्हणून. आई भांडी घासता घासता खिडकीतून तिकडे बघत राहायची, पाणी गार होईस्तोवर. मी हाका मारायची, तरी तिला ऐकू जायचं नाही. मला वाटायचं, हिला अर्धी नेलीच त्यांनी." तिने घराकडे हात केला. "अडतीस वर्षांची झाले मी. अजून त्या खिडकीकडे तोंड करून भांडी घासवत नाहीत मला."

चाळीस वर्षं फेस्टसने ती भीती राखली होती. मुलं तिथं नाचू नयेत, कुणी कुदळ लावू नये, एवढ्यासाठीच त्याने उचलून नेणाऱ्यांच्या गोष्टी इतक्या रंगवून सांगितल्या होत्या. आता त्याच भीतीने जेसीबी दारात आणला होता. तो दगडी कुंपणावर बसला. एकदम फार थकल्यासारखं झालं त्याला.

"तुझ्याआधी एक होती," तो म्हणाला. "मुलगी. त्रेसष्ट साली. जन्मली ती रडलीच नाही. बाप्तिस्मा नव्हता, म्हणून पाद्री म्हणाला, चर्चच्या जमिनीत जागा नाही. तशी मुलं बापानं न्यायची, एकट्यानं, आणि कुणी नांगरणार नाही अशा जागी ठेवायची. मी सफरचंदाच्या खोक्याच्या फळ्यांची पेटी केली."

"टेकाडात?"

"झाडाखाली. पांढरा दगड आहे बघ."

इमेल्डा त्याच्याशेजारी बसली. "आणि आईला?"

"कुठं ठेवलं ते बायकांना सांगायची पद्धत नव्हती. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पस्तीस वर्षं एका टेबलावर जेवलो." त्याने काठीने माती उकरली. "लेकराला दूधच नव्हतं मिळालं कधी. म्हणून पहिला जग. तुझ्या आईलासुद्धा मी भल्या माणसांचंच सांगत आलो. नवरा खुळा आहे असं समजूनच गेली बिचारी. आणि यंदा तर माझ्यानं चढवतही नाही."

इमेल्डा उठली. फाटकापर्यंत जाऊन तिने जार्लथला काहीतरी सांगितलं. त्याने उरलेला चहा गवतावर टाकला, टोपी काढून पुन्हा घातली आणि यंत्र वळवलं.

स्वयंपाकघरात आल्यावर तिने पातेल्यात पाणी तापत ठेवलं, आणि सकाळी काढलेल्या चिकाचा जग त्यात उभा केला.

"ते कशाला?" फेस्टसने विचारलं.

"आई असंच करायची. तुम्ही बूट चढवेपर्यंत."

"छे. गायीचंच गरम असायचं ते."

"गोठ्यापासून इथवर, या थंडीत? मी बघायची ना रोज... म्हणजे दर वर्षी. एकदा विचारलंही होतं, भल्या माणसांना गार चालत नाही का गं म्हणून." इमेल्डाने जगाला हात लावून पाहिला. "म्हणाली, मोठ्यांना चालतं."

फेस्टस भांडी घासायच्या जागेशी गेला आणि काठावर हात टेकून उभा राहिला. आयुष्यात तो तिथं कधी उभा राहिला नव्हता. ते बायकोचं काम. खिडकीतून टेकाड दिसत होतं, काटेझाड दिसत होतं, आणि झाडाखालचा दगडही अगदी स्वच्छ दिसत होता.

इमेल्डाने जग फडक्यात गुंडाळून उचलला. "दगडापाशीच ना?"

"हो," तो म्हणाला. "जरा हळू ओत."