उजवा कौल

ते झाड माझ्या हातून गेलं, हे आधीच सांगून टाकतो. ठेकेदाराला शिव्या द्यायचे कष्ट कुणी घेऊ नका, त्या मी भरपूर देऊन झाल्यात.

सुर्ल्याची खाण बंद पडली, माझा ट्रक थांबला आणि मी रानात रखवालदार झालो, वनखात्याच्या रोजंदारीवर. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीला लागून मालकीची रानं आहेत, तिथे तोडीला परवानगी मिळते. तोडीआधी झाडन् झाड बघायचं, ढोलीत पाखरू आहे का ते फॉर्मवर लिहायचं आणि खाली सही करायची, हे माझं काम. ही पाहणी पावसाळा संपल्यावर होते. तेव्हा धनेशाच्या ढोल्या रिकाम्या असतात. एका जुन्या घोटिंगाला, म्हणजे बेहड्याला, उंचावर मोठी ढोली होती. मी मान वर केली, पाखरू दिसलं नाही, लिहिलं: घरटे नाही. खोटं नव्हतं हो. पण धनेश दरवर्षी त्याच ढोलीत परततो, हे मला ठाऊक नव्हतं थोडंच!

मार्चात, तोड सुरू व्हायच्या आठवडाभर आधी तिथून जात होतो, तर ढोलीचं तोंड लिंपलेलं. मादी आत बसलेली. एकदा बसली की ती पिसं गाळते, मग नर फटीतून भरवील तेच खायचं. माझ्यासमोर नर आला आणि उंबरं एकेक करून आत देत राहिला.

शहाण्याने वाळपईला वनखात्याच्या कचेरीत जाऊन अर्ज दिला असता, की माझा फॉर्म चुकला, हे झाड वगळा. पण आपली चूक आपल्याच हाताने लिहायची? कामावरून काढलं असतं तर? मी देवळात गेलो.

आमच्या गावात लग्न असो की विहीर, देवाला विचारल्याशिवाय पान हलत नाही. पुजाऱ्याने ओल्या पाकळ्या पाषाणाला चिकटवल्या आणि गावकराने, म्हणजे गावच्या मानकऱ्याने, गाऱ्हाणं घातलं, "देवा म्हाराजा, ह्या झाड राखूचा असात तर उजवो कौल दी!" आम्ही सगळे ओरडलो, "होय म्हाराजा!" उजवीकडची पाकळी पडली. मला रडूच आलं. तोडीला जाणारे गावचे गडी म्हणाले, "आता त्या झाडाक हात लावतलो कोण?"

झालं, मी निर्धास्त! देवाने सांगितल्यावर अर्ज कशाला? रजा टाकून बहिणीकडे पेडण्याला गेलो, तिचे काजू गोळा करायला.

चार दिवसांनी परतलो तर घोटिंग आडवं. गावचे गडी अडले म्हणून ठेकेदाराने बेळगावकडची माणसं आणली होती. त्यांच्यातला एक म्हातारा हळहळला, "आम्हाला कुणी सांगितलं असतं तर कापलं नसतं हो." ठेकेदाराने मात्र फॉर्म माझ्या नाकासमोर धरला. "सही तुझीच ना? मग बोंबलतोस कशाला?"

मी कोयत्याने ढोलीचं लिंपण फोडलं. मादी मेली होती. तिच्या पोटाखाली अंडी फुटली होती.

तावातावाने गावकराकडे गेलो. "तुमच्या देवाचं काय झालं आता?" म्हणालो. तो अंगणात सुपाऱ्या सोलत होता. मान वर न करता म्हणाला, "देवान राख म्हणान सांगितल्यान. राखणदार कोण, देव की तू?"

दुसऱ्या दिवशी रानात गेलो तेव्हा नर शेजारच्या झाडावर बसला होता. चोचीत उंबर होतं. खाली पडलेल्या खोडाकडे तो बघतही नव्हता, जिथे ढोली होती तिथे पुन्हा पुन्हा उडून जात होता. मी घरी आलो.

तो अर्ज मी अजून दिलेला नाही. फॉर्म आजही पावसाळा संपला की भरतात, आणि खाली सही माझीच असते.