बकरीवाल्या मावशीचं अडकलेलं पार्सल

ती घटना आठवली की आजही आधी हसू येतं. पण सुरुवात हसण्यासारखी नव्हती. मुरबाड तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी अधिकारी होतो. सकाळी सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका वाडीतून पाच बायका आल्या. पुढची चाळिशीची. तिनं फोन माझ्या टेबलावर ठेवला.

"साहेब, हा तुमीच ठेवा. मला नाय पायजे."

वाडीत घरं अकरा, पण ऑनलाइन खरेदी करणारी ही एकटीच. सगळ्यांच्या वस्तू तिच्या फोनवरून, तिच्याच नावावर यायच्या. कुणाचं पार्सल कुणाला द्यायचं ते कळावं म्हणून ती पत्त्यातच खूण घालायची. बकरीवाली मावशी, विहिरीकडची, वरच्या अंगणातली. वाडीतल्या एका मुलीचं लग्न शहापूरकडे ठरलं होतं. तिच्या हळदीला अकरा जणींनी एकसारख्या साड्या नेसायचं ठरवलं आणि पैसे हिच्या खात्यात भरले.

त्या सकाळी फोन आला. 'कंपनीतून बोलतोय. बकरीवाल्या मावशीचं पार्सल अडकलंय, पत्ता अर्धा आहे. पाच रुपये भरा.' पाठोपाठ लिंक आली, मग ओटीपी विचारला. हिनं सांगितला. खातं रिकामं झालं.

"अगं, पण सांगितलास कशाला?" आमच्या महिला हवालदारांनी विचारलं.

"बाई, आमचा कुणाचा ना कुणाचा पार्सल वाटेवर असतोच. आन मावशीचा नाव कंपनीशिवाय कुणाला ठावं?"

मागून एक जण पुटपुटली, "फोन आला का नाय, आमी थोडाच ऐकला?"

पैसे हिनंच ठेवले, असा तिचा रोख होता. फोनवाली बाई पदराचं टोक मुठीत धरून उभी राहिली. गेलेल्या पैशांपेक्षा हे वाक्य तिला जास्त लागलं होतं. तिच्या फोनमध्ये कॉलची नोंद आणि संदेश दोन्ही होते; ते मी मोठ्यानं वाचून दाखवले. पुटपुटणारीनं मान खाली घातली.

तासाभराच्या आत आल्या होत्या, हे बरं झालं. आधी सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, बँकेला कळवलं, मग गुन्हा दाखल केला. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत गोठवले गेले.

आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण खरं सांगतो, पत्त्यातल्या त्या खुणा मला अडाणीपणा वाटल्या होत्या. संध्याकाळी जबाब पुन्हा वाचताना ट्यूब पेटली. 'बकरीवाली मावशी' हे शब्द छापलेले असतात फक्त पाकिटावर. म्हणजे कुणीतरी पाकिटं वाचत होतं.

वाडीचा संशय पार्सल पोचवणाऱ्या माणसावर होता. त्याला बोलावलं तर तो वैतागला. "साहेब, मावशीची बकरी मला दरवेळी शिंगावर घेते. मी कशाला तिचं नाव विकू?"

मग त्या बाईनंच तोड काढली. "वाडीत नाय अशी बाई घालू का पत्त्यात?"

पार्सल आल्यावर पैसे द्यायचे, अशा बोलीवर तिनं एक कंगवा मागवला. खूण घातली, 'ढोलवाली आत्या'. तीन दिवसांनी पार्सल कंपनीच्या मुरबाडच्या गोदामात सकाळी उतरलं. पोचवणाऱ्याच्या हाती अजून गेलंही नव्हतं, तोच दुपारी ठाण्यात बसलेल्या त्या बाईचा फोन वाजला.

"मॅडम, ढोलवाली आत्या का पार्सल रुका है."

आमच्या हवालदारबाईंनी तोंडाला रुमाल लावला. ती बाई मात्र गंभीरपणे म्हणाली, "आत्या ढोल वाजवाया गेलीय. उद्या कर फोन."

गोदामाच्या मालकानं स्वतः कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं. पाकिटं लावणारा एक इसम खिशातून मोबाइल काढून फोटो घेताना स्वच्छ दिसत होता. त्याला समोर बसवलं.

"फोटो कशाला?"

"घरी बायकोला साड्या दाखवायला, साहेब."

"बंद पाकिटातली साडी दिसते तिला?"

अशा वेळी मी ओरडत नसे. चहा मागवत असे. चहा संपायच्या आत त्यानं सगळं सांगितलं. फोटो तो एका टोळीला विकायचा. टोळी परराज्यातली निघाली. तपास जिल्ह्याच्या सायबर पथकाकडे गेला. पैसे न्यायालयाच्या आदेशानं हळदीच्या आधी परत आले.

हळदीला मी गेलो. अकरा जणी एकाच पिवळ्या रंगात नाचत होत्या. मला पाहून हळदीचा हात घेऊन धावल्या. माझा पांढरा सदरा कामातून गेला.

या प्रकरणानं मला एक शिकवलं. फसणारा मूर्ख नसतो. त्याला खरी वाटेल अशी एखादी गोष्ट चोराला आधीच माहीत असते. म्हणून समोरच्याला आपलं नाव, पत्ता, मागवलेली वस्तू ठाऊक आहे एवढ्यावरून तो कंपनीचा ठरत नाही. फोन ठेवावा, आपल्या ॲपमध्ये ऑर्डर स्वतः बघावी. फोनवर कुणालाही ओटीपी देऊ नये, पाठवलेल्या लिंकवर एक रुपयाही भरू नये. पाकीट फेकताना वरचं नाव-नंबर फाडून टाकावं.

आणि चोराला घाई असते, माणूस एकटा हवा असतो. वाडीनं यावर आपला उपाय काढला. हळदीत मी बसलो असताना त्या बाईचा फोन वाजला. अनोळखी नंबर. तिनं स्पीकर लावून फोन अंगणाच्या मधोमध ठेवला. नाच थांबला, सगळ्या भोवती गोळा झाल्या. सर्वांत जवळ बसली होती ती ठाण्यात पुटपुटलेली बाई. तीच फोनवर वाकून म्हणाली,

"बोल रे दादा, आमी अकरा जणी ऐकतोय."

फोन कट झाला.