बांधावरची तार

"मामा, काठी लावू नका त्या तारेला!" मी असा ओरडलो की पार परळीपर्यंत ऐकू गेलं असेल. आदल्या संध्याकाळच्या वादळात खांब कलला होता आणि तार बांधावरच्या ओल्या गवतात पडली होती. आमच्याकडे दरवर्षी खतासाठी शेतात मेंढरं बसवणारा म्हातारा मेंढपाळ ती उचलून कळप पलीकडे न्यायला निघाला होता.

"सकाळपासून लाइट न्हाई गावात. मेलेली तार हाय ती."

"ती गावाची लाइट, मामा. ही शेतीची लाइन. बाराला येती."

"मागल्या हप्त्यात वासराएवढा विंचू पाह्यलता तूच ना? लई थापाड्या हाईस रं."

वायरमनचा फोन लागेना. तारेपासून वीस पावलांवर मी हात पसरून वाट अडवली. दोन तासांत पाय असे रुतले की अजून थोड्या वेळानं मला पालवी फुटली असती. मला ढकलायचा कंटाळा येऊन म्हातारा खाली बसला, मेंढरंही बसली. थाप मारायचंसुद्धा त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

बाराला गवत तडतडलं, धूर निघाला. म्हाताऱ्यानं काठी मांडीवर ओढून घेतली.

"विंचवाचं खोटंच होतं पण," तो म्हणाला.